जोडीदाराचा रकाना

माझ्या वर्गातल्या पोरी त्या वयात कोणाकोणाच्या प्रेमात पडत होत्या. मी एका फॉर्मच्या प्रेमात पडले. दोन पानं, बारा प्रश्न, आणि झेरॉक्स इतकी फिकट की काही अक्षरं मनानेच वाचायची. वर छापलेलं जुन्या राज्याचं नाव निळ्या पेनाने खोडून बाजूला हाताने ‘छत्तीसगढ़’ लिहिलेलं, कारण आमचं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं आणि जुने कागद फेकून देण्याइतकं आमचं कॉलेज उधळं नव्हतं. तो फॉर्म घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं की उन्हाळ्यात तुम्ही कसे जगता. ऊन घरात कुठून येतं, नळ किती वाजता येतो, दुपारी घरात कोण असतं, तुम्हाला गर्मीचा त्रास होतो का, कधी लू लागली होती का, म्हणजे उन्हाने आजारी पडला होतात का. तो गठ्ठा हातात आला त्या दिवशी मी कॉलेजपासून भिलाईतल्या आमच्या सुपेल्यापर्यंत सायकल अक्षरशः उडवत आणली. एकोणीस वर्षं ज्या उन्हात मी वाढले, त्या उन्हाचा अभ्यास करता येतो, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं! शाळेत भूकंप शिकवला, ज्वालामुखी शिकवला, जपानच्या लाटा शिकवल्या. आमच्या टिनाच्या छपरावर रोज दुपारी जे कोसळत होतं, त्याचं पुस्तकात नावही नव्हतं.

आमचं घर सुपेल्याच्या बाजारामागच्या गल्लीत. समोरच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि मागच्या स्वयंपाकघरावर टिन. गल्लीतली बहुतेक घरं अशीच होती आणि बहुतेक घरांतला एक तरी माणूस पोलादाच्या कारखान्यात होता. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा कारखान्याच्या पायाचे खड्डे खोदायला आले होते, बाबूजी भट्टीवर लागले. वितळलेलं लोखंड ज्या तोंडातून बाहेर काढतात, त्या तोंडासमोर त्यांचं काम. ‘भट्टीवर आहेत’ हे आम्ही असं सांगायचो जसं बाकीचे लोक ‘मिलिटरीत आहेत’ सांगतात. त्यांच्या शर्टाला ठिणग्यांनी बारीक बारीक भोकं पडलेली असायची. लहानपणी मी त्यात करंगळी घालून बघायची आणि आई म्हणायची, आणखी मोठं कर, मग तूच रफू कर.

त्या घराची आठवण काढली की मला आधी कूलर ऐकू येतो. लोखंडी पत्र्याचा, सुपेल्यातच बनवलेला, सुरू केला की आधी खाकरायचा आणि मग दिवसभर घरघरायचा. तो समोरच्या खोलीच्या खिडकीत होता, कारण नाईट करून आलेल्या माणसाची झोप व्हायला पाहिजे. नाईट नसली तरी तो तिथेच. स्वयंपाकघरात त्याचा वारा नेला तर गॅस विझतो, असं कारण होतं आणि ते खरंही होतं. कूलरमध्ये पाणी भरायचं काम आईचं. सकाळी अकराला नळ यायचा, ती सतरा-अठरा बादल्या आत आणायची, त्यातल्या चार कूलरच्या पोटात जायच्या. मग ती मागे जाऊन पोळ्यांना बसायची. कूलरच्या आवाजात मागच्या खोलीतलं काही ऐकू येत नसे. आम्ही सगळे त्या आवाजात गाढ झोपायचो. आज माझ्या घरी एसी आहे, त्याचा आवाजच नाही, तरी दुपारची झोप काही तशी लागत नाही.

खाण्याचं म्हणाल तर उन्हाळा म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात टाकून ठेवायचा आणि सकाळी त्यात मीठ, बाजूला कांदा आणि कैरीची चटणी. छत्तीसगढ़ी लोकांचं हे जेवण आईने शेजारपाजारून उचललं. नवी लग्न होऊन आली तेव्हा तिने नाक मुरडलं होतं म्हणे, आणि आता तिला विचाराल तर बासी जणू भंडाऱ्यातच जन्मली. बाबूजी फर्स्ट शिफ्ट करून तीनला आले की मोठी परात भरून बासी खायचे, शेवटचं पाणी तोंड लावून प्यायचे आणि म्हणायचे, “भट्टीवाल्याले काय गर्मी! भट्टीनं आमाले पकवून ठेवलं आहे. पकलेलं मडकं पुन्हा पकते का?” हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं आहे. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात त्याचा एक तरी प्रकार चालायचा.

फॉर्म ज्यांनी दिला त्या ठाकुर मॅडम. आम्हाला बी.ए.ला भूगोल शिकवायच्या. वाळक्या, चष्मा कपाळावर, आणि बोलायला लागल्या की खडूचा चुरा करून टाकायच्या. त्या महानदीकडच्या पूर येणाऱ्या गावांतून वर्षानुवर्षं फिरल्या होत्या. एकदा वर्गात म्हणाल्या, “पानी तो सब पर बराबर गिरता है. डूबता कौन है, यह देखो. वही हमारा सब्जेक्ट है.” माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत, मी वहीत ते लिहिलं आणि त्याला दोनदा चौकट केली. पाऊस, ऊन, भूकंप हे सगळं एकीकडे, आणि माणसं कुठे राहतात, कोण कोणाला विचारतं, कोणाच्या वाट्याला टिन येतं हे दुसरीकडे. या दोन्हींच्या मधे संकट घडतं. आज मी गेली कित्येक वर्षं हाच विषय शिकवते, पोरांना पडद्यावर नकाशे दाखवते, मोबाईलवर केशरी-लाल इशारे कसे येतात ते समजावते. पण त्या दिवशी त्या चुऱ्याने भरलेल्या फळ्यासमोर जे वाटलं ते मला कोणत्याही नकाशाने दाखवता आलेलं नाही.

बाबूजींना मात्र हे शिक्षण वाटतच नव्हतं. आमच्या घरात शिकायला कोणी नाही म्हणत नसे; रविवारी विहारात वंदनेला गेलं की वडीलधारे पहिला प्रश्न मार्कांचाच विचारायचे. पण बाबूजींच्या हिशेबाने शिक्षणाच्या शेवटी एक खुर्ची पाहिजे. माझा मामा भिलाई-३ ला रेल्वेत होता आणि त्याने भरतीचा अर्ज आणून आमच्या टीव्हीवर ठेवला होता. “लोकाइच्या घरी जाऊन ‘गर्मी होते का’ विचारनं, हे कोनतं शिक्षन आहे?” बाबूजी म्हणाले. “मे महिन्यात गर्मी होते हे तं बकरीलेही माहीत आहे.” मी रडले, भांडले, दोन वेळ जेवले नाही, तिसऱ्या वेळी बासी होती म्हणून जेवले. शेवटी त्यांनी एक उन्हाळा दिला. मे संपेपर्यंत मी त्यांना दाखवायचं की या फॉर्मातून असं काय कळतं जे बकरीला माहीत नाही. दाखवलं तर मॅडमसोबत पुढे शिकायचं. नाहीतर रेल्वेचा अर्ज भरायचा आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. ते असं बोलले की मागे घेत नसत, हे मला माहीत होतं.

मी डोक्याला ओढणी गुंडाळून निघाले. पहिल्या दिवशी अकरा घरं, दुसऱ्या दिवशी चौदा. प्रश्न पाचवा: तुम्हाला गर्मीचा त्रास होतो का? उत्तर: नाही. मी वर बघायची. समोरची बाई घामाने निथळत असायची, पदराने वारा घेत असायची आणि मला सांगायची, “नाही व माय, आमाले कायची गर्मी? आमच्या घरचे भट्टीवर आहेत.” दुसरी म्हणायची, “आमचं तं आंगच तसं आहे.” तिसऱ्या घरात एक मावशी भिंतीला टेकून ओल्या फरशीवर पाय पसरून बसली होती, तिला उठवत नव्हतं, आणि तिने बसल्या बसल्या सांगितलं, “लिही, काही त्रास नाही.” मी लिहिलं. लिहिताना पेन आपटत होते. पुरुषांना विचारायची तर सोयच नव्हती. ते हसायचे आणि त्यांच्या भट्टीची गोष्ट सांगायचे. आठ दिवसांत साठच्या वर फॉर्म झाले आणि पाचव्या प्रश्नाला एकही ‘हो’ नाही. भट्टीवाल्याच्या घरात गर्मी लागते म्हणणं म्हणजे घरच्या माणसाची इज्जत कमी करणं, हे मला तेव्हा कळत होतं, कारण मीही तेच म्हटलं असतं. विचारणारी मी नसते तर मीही ‘नाही’च सांगितलं असतं.

मॅडमनी गठ्ठा चाळला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “इतने घरों में एक भी ‘हाँ’ नहीं? तो रिपोर्ट में क्या लिखूँ, कि सुपेला में सब मज़े में हैं?” त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. म्हणाल्या, आणखी दहा दिवस बघ, नाहीतर ही वस्ती आपण सोडून देऊ. मी घरी आले तर बाबूजींनी माझ्या तोंडावरून ओळखलं. “झालं का? बकरी पास झाली आन् तू फेल,” म्हणाले आणि खूप हसले. मला त्यांचा इतका राग आला की मी कूलर बंद केला. आईने येऊन तो गुपचूप चालू केला.

मग त्याच आठवड्यात साहू काका आले. साहू काका म्हणजे बाबूजींचे भट्टीवरचे जोडीदार. बारीक, काळेसावळे, कमी बोलणारे. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दोघं आमच्याकडे येऊन एका परातीत बासी खायला बसले. बाबूजींना गंमत करायची हुक्की आली. “अरे साहू, हे पोट्टी परेशान आहे. इचार व मितू, यालेही इचार तुह्या फॉर्मातलं.” माझं नाव संघमित्रा, घरी मितू. मी चिडूनच विचारलं, काका, तुम्हाला गर्मीचा त्रास होतो का? साहू काकांनी घास गिळला, विचार केला. त्यांनी विचार केला, हेच मला नवीन होतं. मग म्हणाले, “मोला का पता, नोनी? भट्ठी में अपन हाल अपन ला पता नइ चलय. संगवारी ला पता चलथे. तोर बाबू ला पूछ.”

स्वतःची हालत स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळते. मी बाबूजींकडे पाहिलं. ते आता हसत नव्हते, कारण ही कामाची गोष्ट होती आणि कामाच्या गोष्टीत ते कधी हसत नसत. “बरोबर आहे,” म्हणाले. “भट्टीच्या तोंडापाशी एकट्यानं उभं नाही राह्यत. जोडी पाह्यजे. मी याच्या तोंडाकडे पाह्यतो, हा माह्या. गर्मी चढली नं, का मानसाले वाटते आपन एकदम मस्त आहो. घाम बंद होते. मंग उलटंसुलटं बोलते. म्हनून मधी मधी इचारा लागते. तुह्या पोराचं नाव काय? आज वार कोनता? चुकला, का ओढला बाहेर. तो म्हनते, मले काही नाही झालं. सगळेच म्हनतेत. म्हननाऱ्याचं आयकायचं नसते. पाह्यनाऱ्याचं आयकायचं.” साहू काका मान हलवत होते. “एक घन तोर बाबू मोर नोनी के नाम पूछिस, मैं अपन भैंस के नाम बता देंव,” ते म्हणाले, आणि मग दोघंही हसले. म्हणजे एकदा बाबूजींनी त्यांच्या मुलीचं नाव विचारलं, तर काकांनी म्हशीचं सांगितलं!

मी उठलेच. मला नीट आठवतं, माझ्या मांडीवरची चटणीची वाटी उलटली. पाचवा प्रश्नच चुकला होता! मी माणसाला त्याच्या स्वतःबद्दल विचारत होते, आणि ज्या गावाने शोधून काढलं की स्वतःबद्दल विचारायचंच नसतं, त्या गावातच मी ते करत फिरत होते. मी म्हटलं, बाबूजी, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, “तू इचारलं कुठं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच घरांमधे पुन्हा गेले. पाचव्या प्रश्नावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, “मावशी, तुमचं सोडा. शेजारणीले गर्मी लागते का?” आणि मग काय सांगू! जणू गल्लीचा नळ फुटला. “माहं काही नाही, पन ते बाजूची शोभा पाय नं! काल टाकीपाशी उभ्या उभ्या डोळे पांढरे केले तिनं.” शोभाकडे गेले तर ती म्हणाली, “मले काय धाड भरली? तिलेच इचार, पोळ्या करता करता भिंतीले डोस्कं लावून बसते.” एकीने तर मला हाताला धरून दारात नेलं आणि समोरची पाच घरं बोटाने दाखवत सांगितलं, कोणाला चक्कर येते, कोण दुपारी उलट्या करते, कोण पाणीच पीत नाही कारण दिवसाउजेडी मागे लघवीला जायची सोय नाही. मी लिहून दमले. पेन संपलं, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून पेन्सिल मागून आणली. मला भूक लागत नव्हती, ऊन लागत नव्हतं. आयुष्यात त्यानंतर मी मोठमोठ्या ठिकाणी काम केलं, पण त्या चार दिवसांतला आनंद मला पुन्हा तसा मिळाला नाही. एक प्रश्न वळवला आणि अख्खी वस्ती बोलायला लागली!

आणि बोलण्यातून चित्र तयार होत गेलं. नळ अकराला, म्हणजे पाणी ओढायचं ते उन्हात. पोळ्या त्यानंतर, म्हणजे टिन सगळ्यात तापलेलं असताना. कूलर समोर, बाई मागे. मी एका मोठ्या कागदावर गल्ली काढली आणि बाण काढले, कोण कोणाकडे पाहतं त्याचे. बहुतेक बाण बाईकडून बाईकडे जात होते, कुंपणावरून, नळापासून. पण अकरा ते चार दारं लागायची तेव्हा ते सगळे बाण तुटायचे. फॉर्मच्या उजव्या बाजूला जागा होती तिथे मी पट्टीने एक रकाना आखला आणि वर लिहिलं: जोडीदार. दुपारी या माणसाच्या तोंडाकडे कोण पाहतं? घरामागून घर तो रकाना रिकामा जात होता.

मॅडमनी तो कागद टेबलावर पसरला आणि उभ्याच राहिल्या. “यह कॉलम तुमने बनाया?” मी म्हटलं, माझ्या बाबूजींनी. तर म्हणाल्या, “रायपुर चलोगी? आगे पढ़ना है यह?” मी हो म्हटलं, पण मे संपायला सहा दिवस उरले होते आणि हो म्हणणं माझ्या हातात नव्हतं. घरी येऊन मी बाबूजींसमोर कागद पसरला, बाण समजावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ह्या तं बायाइच्या चुगल्या आहेत. तिनं हिचं सांगितलं, हिनं तिचं. भट्टी वेगळी, घर वेगळं. घरात कोन मरते गर्मीनं?” आणि कूस बदलून झोपले. कूलर घरघरत होता. मी तो कागद गुंडाळला आणि मागच्या दारात जाऊन बसले, कारण समोर बसले असते तर बोलू नये ते बोलले असते.

तिथेच शेजारच्या कमला मावशीने मला गाठलं. आमच्या आणि तिच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. “सगळ्या गल्लीले इचारलं,” ती म्हणाली, “मले नाही इचारलं.” मी म्हटलं, सांग मावशी, कोणाला होतं? तिने आधी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. “तुह्या आईले. परवा बादली घेऊन इथंच बसली. मी म्हटलं, कावून बसली व? तं मले म्हनते, ‘शेवंता, तू कधी आली गावावरून?’ शेवंता कोन आहे तुमच्यातली?” शेवंता माझी मोठी मावशी. ती भंडाऱ्याला होती आणि गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे आली नव्हती.

साठ-सत्तर घरं मी दोनदा फिरले होते. गल्लीच्या नकाशात आमचं घर काढलं होतं, त्यावर नंबरही टाकला होता. आमच्या घराचा फॉर्म मी भरला नव्हता. मला तो भरायचा आहे हेच सुचलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “काही नाही व, थोडं गरगरलं. तू जेवली का?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही मी पोरांना पहिल्या तासाला सांगते की पहिला फॉर्म स्वतःच्या घराचा भरा. ते समजतात, मी सरावासाठी सांगते.

बाबूजी उठल्यावर मी कोरा फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसले. परक्या घरी बसते तशी, पाय जुळवून. विचारलं, “आईले गर्मी लागते का?”

“नाही,” ते म्हणाले. “तिनं कधी म्हटलं नाही.”

“म्हननाऱ्याचं आयकायचं नसते नं? पाह्यनाऱ्याचं आयकायचं. तुम्हीच सांगितलं. तुम्ही पाह्यलं का तिच्या तोंडाकडे?”

त्यांना राग आला. कपाळावरची शीर दिसायला लागली. मग कमला मावशीने सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, शेवंताचं नाव सांगितलं, तशी ती शीर हळूहळू खाली बसली. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नळाखाली डोकं धरून उभे राहिले, नळाला पाणी नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. अकराला आईने पाणी भरलं, पदर खोचला आणि परात घेऊन मागे गेली, तर बाबूजी पाट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. आईला वाटलं भूक लागली. “होते आता, समोर बसा नं कूलरात,” ती म्हणाली. “इथं कावून बसून राह्यले?” ते म्हणाले, “तू तुहं काम कर.” ती लाजली, हसली, मग चिडली. मी मधल्या दारात फॉर्म घेऊन उभी. टिन वरून तडतडत होतं. बाबूजी गमछा खांद्यावर टाकून तिच्या तोंडाकडे बघत होते, टक लावून, जसे साहू काकांकडे बघत असतील. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुह्या मोठ्या बहिनीचं नाव काय?” आई म्हणाली, “डोस्कं फिरलं का तुमचं? शेवंता.” बरं, म्हणाले. पोळ्या होत राहिल्या. बाराच्या सुमारास पुन्हा विचारलं. तिने लाटणं दाखवलं. साडेबारा झाले असतील. तिने तव्यावर पोळी टाकली आणि मी पाहिलं, तिचं कपाळ कोरडं होतं. इतका वेळ घाम टपटपत होता, तो थांबला होता. बाबूजींनी ते माझ्याआधी पाहिलं असणार. ते म्हणाले, “सांग, मोठ्या बहिनीचं नाव?” आईने त्यांच्याकडे पाहिलं, छान हसली, आणि म्हणाली, “थांबा नं, सांगते...” आणि थांबली. हातात चिमटा तसाच. पोळी जळायला लागली.

बाबूजी कसे उठले ते मला दिसलंच नाही. त्यांनी एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला आणि तिला उचलल्यासारखं करून मागच्या दाराने कडुनिंबाखाली नेलं. “मितू, पानी! मीठ!” मी धावले. गमछा ओला करून त्यांनी तिच्या मानेवर ठेवला, काखेत ठेवला, पाय वर केले, तोंडाजवळ वारा घातला, घोट घोट पाणी पाजलं, आणि सगळा वेळ बोलत होते, “मी कोन आहो? हे कोनती पोट्टी आहे? गाव कोनतं तुहं?” भट्टीवरचा तो माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. भीती होतीच, आणि तरी मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की छाती फुटेल असं वाटलं. पंधरा-वीस मिनिटांनी आईला घाम सुटला. तिने डोळे नीट उघडले, आजूबाजूला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, “पोळी जळली का?”

“जळू दे,” बाबूजी म्हणाले. ते तिथेच मातीत बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “भट्टीपाशी वीस मिनिटं झाले का बाहेर निघतो आमी. पंखे आहेत, पानी आहे, दोघं आहो. हे रोज दोन तास आहे इथं. लिही. गर्मी लागते, हो.” मी लिहिलं. “आन् तो तुहा रकाना? जोडीदाराचा?” मी पेन धरून बसले. ते म्हणाले, “आजपर्यंत कोनी नाही, असं लिही.” आई म्हणाली, असं काय लिहायला लावता, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, “तू पानी पी.”

दोन दिवसांनी ते नाईट करून सकाळी आले, अंघोळ केली, आणि झोपायच्याऐवजी धुतलेला शर्ट घातला. माझ्या हातातल्या गठ्ठ्यातले अर्धे फॉर्म काढून घेतले. “मानसाइले मी इचारतो,” म्हणाले. “तुले ते खोटं सांगतीन. मले नाही सांगू शकत.” सायकलच्या मागे मी बसले. पहिलं घर त्यांच्याच भट्टीवरच्या एका माणसाचं होतं. कूलरसमोर झोपला होता, उठून दारात आला, मला बघून हसला आणि विचारायच्या आतच म्हणाला, “अरे यार, आमच्या घरी कोनाले कायची गर्मी!”

बाबूजी चप्पल काढून आत गेले, समोरच्या खोलीत थांबलेच नाहीत, सरळ मागच्या टिनाखाली गेले. तिथे एक पाट होता, तो त्यांनी त्या माणसाकडे सरकवला.

“बस इथं,” ते म्हणाले. “वहिनीच्या पोळ्या होयेपर्यंत बस. मंग सांग.”